इंग्रजी भाषेंतील मूठमातीचे शब्द

लिहावा ‘बरी’ आणि म्हणावा ‘बेरी’ असा एक इंग्रजी शब्द आहे. पुरणें हा त्याचा अर्थ. इंग्रजी शिकूं लागलेला मराठी मुलगा या शब्दाशीं हटकून अडखळतो, मास्तर त्यास दटावितात, आणि ‘त्या भाषेची ही लहरच आहे’ अशी समजूत घालून पुढचा धडा सुरू होतो. वस्तुतः ही लहर नव्हे. अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडांत जी जुनी इंग्रजी चाले तींत या शब्दाचें रूप ‘बिर्गन’ असें होतें, व त्यांतील पहिला स्वर ओठांचा चंबू करून ‘इ’ म्हणावा तसा निघे. पुढें हा स्वर भाषेंतून गेला. पण जातांना त्याच्या तीन वाटण्या झाल्या. पश्चिमेकडील परगण्यांत लोक तो ‘यू’ या अक्षरानें लिहूं लागले, उत्तरेस व पूर्वेस त्याचा ‘इ’ झाला, आणि आग्नेयेस, केंट परगण्यांत, त्याचा ‘ए’ झाला. या शब्दाचें लेखन पश्चिमेकडून आलें, उच्चार केंटकडून आला, आणि ही विजोड जोडी कायमची जमली.

जुन्या इंग्रजींत या ‘बिर्गन’चा एक भाऊबंद होता, ‘बेओर्गन’. त्याचा अर्थ आसरा देणें, जपणें, रक्षण करणें. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हां या लोकांच्या मनांत प्रेत पुरणें याचा अर्थ तें दृष्टीआड टाकणें असा नसावा. गेलेल्या माणसास वाऱ्यापावसापासून व लांडग्या-कोल्ह्यांपासून आसरा देणें असा असावा. हा मूळ अर्थ ध्यानांत धरला म्हणजे पुढील हजार वर्षांचा इतिहास निराळा दिसूं लागतो. हा आसरा कोणास द्यावयाचा आणि कोणास नाकारावयाचा, यावर इंग्लंडांत कायदे झाले, खटले झाले, आणि गोरगरिबांच्या झोंपा उडाल्या.

आसऱ्याची ही कल्पना तेथील जमिनीवर अजून पाहावयास मिळते. इंग्लंडच्या माळांवर मातीचे गोल उंचवटे आहेत, त्यांस ‘बॅरो’ म्हणतात. ‘बेओर्ग’ म्हणजे टेकडी, त्यापासून हा शब्द आला. इ. स. १९३९ सालीं, दुसरें महायुद्ध तोंडावर आलें असतांना, सफोक परगण्यांत सटन हू येथें अशा एका उंचवट्याखालीं सुमारें नव्वद फूट लांबीचें जहाज सांपडलें. लाकूड केव्हांच कुजून गेलें होतें. उरले होते ते वाळूवरील ठसे आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा. मध्यभागीं शिरस्त्राण, तरवार, सोन्याचे अलंकार, चांदीचीं पात्रें असा सातव्या शतकाच्या आरंभींचा राजाला शोभेसा थाट होता. ज्याच्यासाठीं हें सारें मांडलें त्याचें शरीर मात्र तेथल्या आम्लयुक्त मातीनें खाऊन टाकलें होतें. ‘बेओवुल्फ’ हें जुन्या इंग्रजींतील महाकाव्य अशाच एका उंचवट्यापाशीं संपतें. नायकाचें दहन होतें, आणि समुद्रावरून जाणाऱ्या खलाशांस दुरून दिसावी अशी टेकडी भूशिरावर रचली जाते.

दहन या शब्दापाशीं श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें. इंग्रज लोक अनादि काळापासून प्रेतें पुरीत आले आहेत ही समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. नॉरफोक परगण्यांत स्पाँग हिल या ठिकाणीं जें उत्खनन झालें त्यांत पांचव्या-सहाव्या शतकांतील, अस्थि व राख भरलेले दोन हजारांहून अधिक दहनांचे अवशेष मिळाले. हे सर्व इंग्रजांचे पूर्वज. त्याच परगण्यांत सतराव्या शतकांत असेच कांहीं कुंभ निघाले होते. सर थॉमस ब्राऊन या विद्वान् वैद्यानें त्यांवर १६५८ सालीं एक ग्रंथ लिहिला; मृत्यूविषयीं इंग्रजी गद्यांत त्याहून गंभीर लेखन क्वचितच झालें असेल. ब्राऊनसाहेबांस ते कुंभ रोमन लोकांचे वाटले. आतां तज्ज्ञांचें मत असें कीं ते सॅक्सन होते. म्हणजे आपल्याच वाडवडिलांची राख हातीं घेऊन हा थोर लेखक परक्यांविषयीं चिंतन करीत बसला होता!

त्यास ओळख पटली नाहीं यांत नवल नाहीं, कारण ओळख ठेवणारा शब्दच उरला नव्हता. जुन्या इंग्रजींत चितेस ‘बॅल’ आणि चितेच्या अग्नीस ‘बॅल-फिर’ म्हणत. इ. स. ५९७ मध्यें रोमहून ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्यें उतरला. पुढल्या शंभरेक वर्षांत राजे व प्रजा ख्रिस्ती झाली, दहनाची चाल मोडली, आणि चालीमागोमाग शब्दहि गेला. उघड्यावरचा मोठा जाळ एवढ्याच अर्थानें तो कोठें कोठें जीव धरून राहिला.

पुरण्याचे देशी शब्द मात्र टिकले, आणि ते बहुतेक सारे हातापायांच्या कामाचे आहेत. ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडग्याचा खड्डा. ‘ग्राफन’ म्हणजे खणणें, त्यापासून तो निघाला, आणि धातूवर अक्षरें कोरणें या अर्थाचा ‘एन्ग्रेव्ह’ त्याच घरचा. गंभीर या अर्थाचा दुसरा ‘ग्रेव्ह’ मात्र लॅटिन भाषेंतून आला. तो मूळचा जड या अर्थाचा ‘ग्राव्हिस’, संस्कृतांतील ‘गुरु’ शब्दाचा दूरचा नातलग. या दोन ‘ग्रेव्ह’ शब्दांवर ‘रोमिओ आणि ज्यूलियट’ नाटकांतील मर्क्युशियो मरतां मरतां कोटि करतो. मरणाच्या दारीं कोटि करावयास लावणें हें शेक्सपियरलाच शोभतें. दुसऱ्या कोणीं केलें असतें तर प्रेक्षकांनीं त्याची टर उडविली असती. तिरडीस ‘बीअर’ म्हणतात. तो वाहून नेणें या अर्थाच्या क्रियापदापासून आला, आणि त्याचें मूळ संस्कृत ‘भृ’ धातूशीं जाऊन मिळतें. ज्या धातूचा ‘भार’, त्याचीच ही तिरडी. प्रेतास ‘लिच’ म्हणत. हा शब्द स्वतंत्रपणें आतां मेला आहे, पण खेड्यांतल्या चर्चच्या आवाराला जें छपराचें प्रवेशद्वार असतें त्यास अजून ‘लिच-गेट’ म्हणतात. पाद्री येईपर्यंत तिरडी त्याखालीं टेंकवीत. लिचफील्ड शहराचें नांव ‘प्रेतांचें शेत’ म्हणून सांगणारे लोक आहेत, पण ती दंतकथा होय. त्या नांवाच्या बुडाशीं करड्या अरण्याचें जुनें केल्टिक नांव आहे. तसेंच कँटरबरी, सॉल्झबरी या नांवांतील ‘बरी’ म्हणजे तटबंदीचें ठाणें; पुरण्याशीं त्याचा संबंध नाहीं.

चर्चनें आणलेले शब्द निराळ्या जातीचे आहेत. ते निद्रेचे आणि प्रार्थनेचे. ‘सेमेटरी’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ निजण्याची जागा, शयनगृह. मेलेला माणूस निजला आहे आणि न्यायाच्या दिवशीं उठावयाचा आहे, ही श्रद्धा त्या शब्दांत आहे. शोकगीतास ‘डर्ज’ म्हणतात, तो मृतांच्या प्रातःप्रार्थनेंतील ‘दिरिगे’ या पहिल्या लॅटिन शब्दाचा अपभ्रंश. ‘रेक्विएम’ हाहि असाच एका प्रार्थनेचा पहिला शब्द, अर्थ विश्रांति. लॅटिन न समजणारे गांवकरी रात्रंदिवस कानांवर पडणाऱ्या पहिल्या शब्दावरून साऱ्या विधीला नांव देत, हें उघड आहे.

पण सर्वांत गमतीचा प्रवास ‘हर्स’ या शब्दाचा. आज त्याचा अर्थ प्रेत नेण्याची गाडी. मूळ शब्द मात्र शेतांतला. इटलींतील जुन्या ऑस्कन भाषेंत लांडग्यास ‘हिर्पुस’ म्हणत. त्याच्या दातांवरून ढेंकळें फोडण्याच्या दांतेरी कुळवास लॅटिनांत ‘हिर्पेक्स’ नांव पडलें, आणि फ्रेंच भाषेंत त्याचें ‘हर्स’ झालें. चर्चमध्यें शवपेटीवर मेणबत्त्या लावण्याची जी चौकट ठेवीत ती उलट्या कुळवासारखी दिसे, म्हणून तिला तेंच नांव मिळालें. चौकटीवरून तें तिरडीकडे आलें, आणि सतराव्या शतकांत गाडीकडे. एकदां फिरविलेला कुळव पुन्हां फिरविणें, म्हणजे तेंच तें परत करणें, यासाठीं फ्रेंचांत जें क्रियापद होतें त्याचा इंग्रजींत ‘रिहर्स’ झाला. मराठी रंगभूमीवर नाटकाची रिहर्सल करणाऱ्या नटांस आपल्या तालमीचें नातें प्रेताच्या गाडीशीं आहे हें ठाऊक नसतें, आणि नसलेलेंच बरें.

शवपेटीचा शब्द ‘कॉफिन’. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ टोपली. फ्रेंचांतून इंग्रजींत आला तेव्हां तो कोणत्याहि लहान पेटीला लागे. जुन्या स्वयंपाकाच्या पुस्तकांत सारण भरण्याच्या पिठाच्या कवचालाहि ‘कॉफिन’च म्हटलें आहे. प्रेताची पेटी हा अर्थ सोळाव्या शतकांतला. त्याचें कारण साधें आहे. तोंपर्यंत बहुसंख्य लोकांना पेटी मिळतच नसे. गांवच्या चर्चची एक सामाईक पेटी असे. तींत घालून प्रेत खड्ड्यापर्यंत नेत, कफनांत गुंडाळलेलें तें खालीं उतरवीत, आणि पेटी पुढच्यासाठीं परत आणीत. यॉर्कशर परगण्यांतील ईझिंगवोल्डच्या चर्चमध्यें अशी एक पेटी जतन केलेली आहे.

कफन तरी स्वतःच्या मर्जीचें असावें कीं नाहीं? पण १६६६ सालीं पार्लमेंटनें कायदा केला कीं प्रेत देशी लोंकरीच्या वस्त्रांतच पुरावें. परदेशीं तागाच्या कापडावर पैसा जाऊं नये व इंग्लंडच्या लोंकरधंद्यास गिऱ्हाईक मिळावें हा हेतु. तो कोणी पाळीना, म्हणून १६७८ सालीं शपथपत्राची अट घालण्यांत आली. मोडणाऱ्यास पांच पौंड दंड. त्यांतील अर्धा चुगली करणाऱ्यास व अर्धा गांवच्या गरिबांस. श्रीमंत घराणीं दंड भरून आपलें तलम वस्त्र वापरीत. हा कायदा पुस्तकांतून काढून टाकण्यास १८१४ साल उजाडावें लागलें. व्यापारी राष्ट्र म्हणतात तें उगीच नव्हे!

पण वस्त्राचा जुलूम सोसवतो. जागेचा सोसवत नाहीं. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथाची १६६२ ची जी आवृत्ति आहे तींत अंत्यविधीच्या आरंभींच सूचना दिली आहे कीं हा विधि तिघांसाठीं करूं नये: बाप्तिस्मा न घेतां मेलेला, बहिष्कृत, आणि आत्मघातकी. पहिल्या वर्गांत तान्हीं मुलें येत. जन्मून चार घटका न जगलेल्या लेंकराच्या आईला पाद्र्याकडून एक प्रार्थनाहि मिळावयाची नाहीं, असा त्याचा व्यवहारांतला अर्थ होई. आत्मघातक्याची गत त्याहून वाईट. कॉरोनरच्या पंचांनीं तो शुद्धीवर असतांना मेला असें ठरविलें कीं त्याची मालमत्ता सरकारजमा, आणि प्रेत रात्रीं चव्हाट्यावरील खड्ड्यांत. छातींतून लांकडी मेख ठोकीत. ‘हॅम्लेट’ नाटकांत ऑफीलियेचें थडगें खणणारे दोन गडी याच कायद्याचा कीस काढतात, आणि मयत मोठ्या घरची नसती तर तिला ही जागा मिळती ना, असें त्यांतला एक बोलून दाखवितो. हंशे पिकविणारा हा प्रवेश त्या काळच्या प्रेक्षकांस नुसता विनोदी वाटला नसेल. अठराव्या शतकांत पंचांनाच या क्रौर्याची शरम वाटूं लागली, आणि ते बहुधा ‘वेडाच्या भरांत’ असा निकाल देऊन मृताचा आसरा वांचवूं लागले. चव्हाटा व मेख १८२३ च्या कायद्यानें बंद झालीं. तरीहि प्रेत आणावयाचें तें रात्रीं नऊ ते बाराच्या दरम्यान, आणि मंत्राविना. ही वेळेची अट १८८२ पर्यंत होती. त्याआधीं दोनच वर्षें, १८८० सालीं, चर्चचा पंथ न मानणाऱ्यांस गांवच्या आवारांत आपल्या पद्धतीनें माती देण्याची मोकळीक मिळाली.

खुन्यांना तर आसरा मुळींच नव्हता. १७५२ पासून त्यांचीं प्रेतें पुरण्यास कायद्यानेंच बंदी होती. एक तर तीं सांखळ्यांत टांगावीं, नाहीं तर शवच्छेदनासाठीं वैद्यांकडे द्यावीं. वैद्यकशाळा वाढल्या आणि हीं प्रेतें पुरेनात. मग रात्रीं ताजीं थडगीं उकरणाऱ्यांचा धंदा निघाला, व लोकांनीं त्या चोरांस ‘पुनरुत्थान करविणारे’ असें नांव दिलें. धर्मश्रद्धेवर याहून कडवट थट्टा झाली नसेल. एडिंबरो येथें बर्क व हेअर या दोघांनीं खणण्याचे श्रमहि वांचविले. १८२८ सालीं त्यांनीं सोळा माणसें मारून त्यांचीं प्रेतें विकलीं, बहुतेक श्वास कोंडून. पुढल्या वर्षीं बर्क फांशीं गेला आणि त्याचेंच शवच्छेदन झालें. त्याच्या नांवाचें इंग्रजींत क्रियापद बनलें: ‘बर्क’ करणें म्हणजे आवाज होऊं न देतां दाबून टाकणें. १८३२ च्या कायद्यानें खुन्यांऐवजीं, कोणी मागावयास न आलेलीं गरीबखान्यांतील प्रेतें वैद्यांस मिळूं लागलीं. काल जी गुन्ह्याची शिक्षा होती ती आज दारिद्र्याची झाली. आठवड्यास पेनी-दोन पेनी बाजूस टाकून दफनाची तरतूद करणाऱ्या मंडळ्या मजुरांच्या वस्तींत फोंफावल्या त्या याच धास्तीनें. पोटाला चिमटा घेऊन मरणासाठीं पैसा सांठविणाऱ्या या लोकांस उधळे म्हणणारे सुधारक त्या वेळीं होते. त्यांस ‘बेरी’ शब्दाचा मूळ अर्थ कळला नव्हता एवढेंच म्हणावें.

इकडे शहरांतील चर्चचीं आवारें भरून वाहूं लागलीं. १८३३ सालीं लंडनबाहेर केन्सल ग्रीन येथें कंपनीनें चालविलेलें प्रशस्त दफनस्थान उघडलें, १८४३ त एड्विन चॅडविक यानें शहरांतील दफनावर अहवाल लिहिला, आणि कॉलऱ्याच्या सांथीनंतर १८५२ च्या कायद्यानें राजधानींतील जुनीं आवारें बंद करण्याची वाट झाली. ‘सेमेटरी’ हा ग्रीक शब्द रोजच्या बोलण्यांत आला तो या नव्या स्थानांमुळें. धंदा आला तसे धंद्याचे शब्द आले. ‘अंडरटेकर’ म्हणजे मूळचा कोणतेंहि काम अंगावर घेणारा मक्तेदार. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो प्रेतांचाच मक्तेदार झाला. अमेरिकेंत त्यालाहि तो शब्द हलका वाटूं लागला, व १८९५ सालीं वैद्याच्या पदवीशीं यमक जुळेल असा ‘मॉर्टिशियन’ शब्द त्या धंद्यानें घडविला. तेथेंच शवपेटीला ‘कास्केट’, म्हणजे दागिन्यांची पेटी, म्हणूं लागले. कादंबरीकार हॉथॉर्न यानें १८६३ सालच्या आपल्या पुस्तकांत त्या शब्दाचा उघड तिटकारा केला आहे, आणि तो रास्त होता. खणणें, वाहणें, झांकणें या उघड्या शब्दांत जो जिव्हाळा आहे तो या मखमली शब्दांत येत नाहीं.

आतां पुन्हां अग्नीकडे. इ. स. १८७० सालीं कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परतत असतां ३० नोव्हेंबर रोजीं इटलींत फ्लॉरेन्स येथें वारले. वय अवघें वीस वर्षांचें. त्या देशांत दहनाची मुभा नव्हती. खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचण्यांत आली. तेथें पुढें छत्री उभारली गेली, ती अजून आहे. त्यानंतर तीनच वर्षांनीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत पाडुआचे प्रोफेसर ब्रुनेत्ती यांनीं दहनाच्या भट्टीचा नमुना मांडला. तो पाहून लंडनचे शस्त्रवैद्य सर हेन्री थॉम्प्सन यांनीं १८७४ सालीं लेख लिहिला व दहनाचा पुरस्कार करणारी संस्था काढली. पण या कृत्यास नांव काय द्यावें? घरचा ‘बॅल’ हजार वर्षांपूर्वीं विझला होता. ग्रंथांतून पडून असलेला ‘क्रिमेशन’ हा लॅटिन शब्दच बाहेर काढावा लागला. १८८४ सालीं वेल्समध्यें डॉक्टर विल्यम प्राइस या वृद्ध वैद्यानें आपल्या तान्ह्या मुलाचें प्रेत टेकडीवर जाळावयास घेतलें. जमावानें त्यास धरलें, खटला झाला, आणि न्यायमूर्ति स्टीफन यांनीं निर्णय दिला कीं लोकांस उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणें हा गुन्हा नाहीं. पुढल्या वर्षीं वोकिंग येथील दाहगृहांत तीन दहनें झालीं. १९०२ सालीं कायदा झाला. १९६८ सालीं ब्रिटनमध्यें दहनांची संख्या दफनांहून वाढली, आणि एकविसाव्या शतकांत तेथील दर चार मृतांपैकीं तिघांहून अधिक अग्नीच्या स्वाधीन होतात. सटन हूच्या काळींहि जी रीत पुरती गेली नव्हती ती अशी परत आली.

पहिल्या महायुद्धांत रणांत पडलेल्यांसाठीं १९१७ सालीं जें मंडळ स्थापन झालें त्यानें सरदार व शिपाई यांस एकाच मापाचा दगड द्यावयाचा असें ठरविलें. त्याच युद्धांत जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या रुग्णालयांत होते. जे मुसलमान दगावले त्यांस वोकिंगजवळ माती देण्यांत आली. हिंदू व शीख मिळून त्रेपन्न जणांचें दहन शहरामागच्या पॅचमच्या माळावर झालें, आणि त्या जागीं १ फेब्रुवारी १९२१ रोजीं संगमरवरी घुमटाचें स्मारक खुलें झालें. ‘बॅरो’, ‘टूम’, ‘ग्रेव्ह’ यांपैकीं एकहि शब्द त्यास लागू पडेना. इंग्रज त्यास ‘छत्री’च म्हणतात, आणि तेथल्या नकाशांवर हाच शब्द छापलेला असतो. छत्रीवर मृतांचीं नांवें नव्हतीं. तीं २०१० सालीं शेजारीं नवा दगड बसवून त्यावर कोरण्यांत आलीं.